जिवंत पाणी

योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील ‘जिवंत पाणी’ म्हणजे देवळातील पवित्र पाणीच काय, अशी पृच्छा आमच्याकडे वारंवार होते. तसे नव्हे. विहीर खणता खणता खडकातून पाणी उसळले की आपला शेतकरी ‘जिवंत झरा लागला’ म्हणतो; इब्री भाषेतही नेमका हाच प्रयोग आहे. ‘मायिम हय्यीम’ हे वाहत्या, झऱ्याच्या पाण्याचे नाव. गरारच्या खोऱ्यात खणताना इसहाकाच्या चाकरांना लागले ते हेच.

ह्याच्या उलट टाक्याचे पाणी. पॅलेस्टाईनमधील लोक चुनखडकात टाकी कोरीत, आतून गिलावा देत आणि पावसाचे पाणी साठवीत. गिलाव्याला तडा गेला की वर्षाची बेगमी जमिनीत मुरे. झरा सोडून फुटकी टाकी खोदणाऱ्या लोकांविषयी परमेश्वराने यिर्मयाच्या मुखाने जी तक्रार केली, तिची धार ह्यावरून ध्यानात यावी. बुऱ्हाणपूरकरांना तर हा भेद समजावण्याचे कारणच नाही. जहांगीर बादशहाच्या काळी, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत येथे बांधलेला कुंडी भंडारा सातपुड्याच्या पायथ्याचे झरे भुयारातून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणतो. त्याच्या कुंड्यांतून खाली डोकावले की दिसते ते साठलेले नव्हे, चालते पाणी.

याकोबाच्या विहिरीवरील त्या शमरोनी स्त्रीने प्रभूचे शब्द प्रथम ह्याच साध्या अर्थाने घेतले. विहीर खोल, जवळ पोहरा नाही, मग झऱ्याचे पाणी आणणार कोठून? तिचा प्रश्न व्यवहारी बाईचा आहे. तिला मंदबुद्धी ठरविणारे प्रवचनकार आम्हांस पटत नाहीत.

परंतु त्याआधीचे नववे वचन वाचक घाईने ओलांडतात. यहूदी व शमरोनी ह्यांचा संबंध नसे, असे आपण तेथे वाचतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ ‘एकत्र वापरणे’ असा आहे. यहूदी लोक शमरोन्यांची भांडी वापरीत नसत, असाच अर्थ संत ऑगस्टीननेही घेतला आहे. म्हणजे प्रश्न बोलण्याचालण्याचा नव्हता, घागरीचा होता. प्रभूने पाणी मागितले ते विटाळाच्या भांड्यातून.

हे आपल्या प्रांतात कोणास नवे वाटेल? महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह जावे लागले, आणि पुढे सनातन्यांनी त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. तळे दूर राहिले. आपल्यातीलच काही घरांच्या ओसरीवर मजुरासाठी वेगळा पेला अजून उपडा घातलेला दिसतो, हे आम्ही दुःखाने लिहितो. त्या घरांतूनही हा अध्याय वाचला जातो.

आता मूळ पृच्छेकडे. ‘जिवंत पाणी’ म्हणजे पवित्र आत्मा, असा खुलासा योहानने सातव्या अध्यायात स्वतःच केला आहे. स्नानसंस्कारासाठी मात्र नळाचे पाणी चालते. ‘दिदाखे’ ह्या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथात वाहते पाणी घ्यावे, न मिळाल्यास दुसरे घ्यावे, अशी मोकळीक आहे. तेव्हा बाळाच्या स्नानसंस्कारासाठी तापीचे पाणी बाटलीतून आणण्याची तसदी कोणी घेऊ नये.

पुढील अंकी ‘खमीर’ ह्या शब्दाचा विचार करू.