निर्दोषपणाचा हव्यास

काम निर्दोष व्हावे ही इच्छा सद्गुणांत मोडते. परंतु ते निर्दोष होईल तेव्हाच हातावेगळे करीन, असा हट्ट धरला की त्याच सद्गुणाचे व्यसन होते. या व्यसनाचा मी जुना रोगी आहे. विद्यार्थ्यांसाठी संस्कृत समासांवर एक लहानसे पुस्तक लिहावे म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी लेखणी हाती घेतली. लेखन केव्हाच पुरे झाले; पण दर वेळी एखादे उदाहरण खटके, एखादा विग्रह शंकास्पद वाटे, आणि बाड पुन्हा पेटीत जाई. ज्या मुलांसाठी ते लिहिले, त्यांची मुले आता शाळेत जातात. पुस्तक निर्दोष राहिले खरे. कारण ते कोणी वाचलेच नाही.

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून सोलापुराहून पुण्याच्या रस्त्याने चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत जाणे झाले. तेथील कापडाच्या एका कारखान्यात तो तपासणीचे काम पाहतो. मागावरून उतरलेले कापड उजेडापुढून सावकाश सरकत होते. तुटलेला धागा, गाठ वा डाग दिसला की तपासनीस तेथे खूण करी. दोषाची लांबी ३ इंचांपर्यंत असल्यास १ दोषांक, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३ आणि त्याहून अधिक असल्यास ४. १०० चौरस यार्डांत दोषांकांची बेरीज ४० च्या आत राहिली, म्हणजे कापड सामान्यतः पसंत होते.

मी विचारले, "अरे, शून्यच का मागत नाही?"

तो हसून म्हणाला, "गुरुजी, शून्य मागितले तर माग बंद ठेवावे लागतील. दोष लपू नये आणि वाढू नये, एवढे आम्ही पाहतो."

याच मुलाकडून एका ऱ्हस्वदीर्घापायी मी अवघा निबंध पुन्हा लिहून घेतला होता. त्या दिवसापासून वर्गात त्याचा हात वर झाल्याचे मला स्मरत नाही.

परतताना विष्णु सीताराम सुकथनकर यांची आठवण झाली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य आरंभिले. १९२५ मध्ये तिचे प्रमुख संपादकत्व सुकथनकरांकडे आले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या नाना लिप्यांतील पोथ्या ताडून पाहणारा हा पंडित कमालीचा काटेकोर. तरी जो पाठ निश्चित ठरेना, तो त्यांनी छातीठोकपणे खरा म्हणून मिरविला नाही. त्याखाली नागमोडी रेघ घातली. येथे आमची पुरती खात्री नाही, एवढाच त्या रेघेचा अर्थ. आदिपर्व १९३३ मध्ये पुरे झाले. सुकथनकर १९४३ मध्ये निवर्तले आणि आवृत्ती १९६६ मध्ये इतर विद्वानांच्या हातून सिद्धीस गेली. प्रत्येक अक्षर निःसंशय झाल्यावाचून छापणार नाही असा पण त्यांनी केला असता, तर आदिपर्वही आपल्या हाती न येते.

व्याकरणाची कथा हीच आहे. पाणिनीच्या सुमारे ४,००० सूत्रांत जे राहिले ते कात्यायनाने वार्तिकांत दाखविले. पतंजलीने दोघांचीही चिकित्सा केली. म्हणून पाणिनीचे थोरपण उणे झाले नाही. परंपरेने तिघांनाही मुनीच मानले.

यावरून गबाळेपणास मोकळीक मिळाली असे कोणी समजू नये. कारखान्यात खूण करणारा बोट झिजवून कापड पाहत होता. सुकथनकरांनीही ती रेघ अपार श्रमांनंतरच घातली. भेद आहे तो हेतूचा. आमच्या हव्यासाच्या मुळाशी विद्येचे प्रेम थोडे, आणि चारचौघांत चूक दिसेल ही भीती फार! हीच भीती आपण नकळत मुलांच्या वह्यांत तांबड्या शाईने उतरवितो.

असो. परवा ते बाड पेटीतून काढून छापखान्यात दिले. दोन विग्रहांविषयी अद्याप माझी खात्री नाही. त्यांच्याखाली मी नागमोडी रेघ ओढली आहे.