अपघाताची वर्दी कोणी द्यायची?

दरवर्षी ४ मार्च उजाडला, की औद्योगिक वसाहतींच्या प्रवेशद्वारांवर राष्ट्रीय सुरक्षा दिनाचे फलक झळकू लागतात. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली, त्याचे हे स्मरण. कामगारांकडून शपथ वदवून घेतली जाते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, पारितोषिके वाटली जातात. या सोहळ्यात एक साधा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. गेल्या वर्षभरात किती कामगारांची बोटे तुटली, किती भाजले, किती जणांचा डोळा गेला, याचा हिशेब शासनाकडे आहे काय? मोठ्या कारखान्यांपुरता तो थोडाफार आहे. उल्हासनगरच्या कॅम्प ५ सारख्या वस्तीतील लहान गाळ्यांपुरता तो नाही. आणि तो नसण्याचे कारण एखाद्या कारकुनाचा आळस हे नसून आपल्या कायद्याची रचना हे आहे.

कॅम्प ५ हे नावच इतिहास सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आश्रय मिळाला आणि १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. हाती काही नसताना या माणसांनी उद्योग उभे केले. त्यांची टिंगल पुष्कळ झाली, परंतु त्यांच्या कष्टाळूपणाबद्दल कोणालाही शंका नव्हती. पुढे कॅम्प ४ व ५ च्या परिसरात जीन्सचा धंदा फोफावला. कापड कापणे, शिलाई, काज-बटण, धुलाई, इस्त्री अशी त्याची कामे वेगवेगळ्या गाळ्यांत, जुन्या बराकींत, घरांच्या माळ्यांवर विभागली गेली. उत्तरेतून आलेले कारागीर नगावर मजुरी घेऊन ही कामे करतात. कापडाची जाड थप्पी एका वेळी कापणारे विजेचे पाते, वाफेची इस्त्री, उघडे पट्टे आणि अरुंद जिना असे या गाळ्याचे चित्र आहे. येथे अपघात होणारच. प्रश्न आहे तो झाल्यावर काय होते याचा.

कायदा काय म्हणतो, ते प्रथम पाहू. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील ८८ व्या कलमान्वये, ज्या अपघातात मृत्यू ओढवतो किंवा जखमी कामगार अठ्ठेचाळीस तास वा अधिक काळ कामावर येऊ शकत नाही, अशा अपघाताची वर्दी कारखान्याच्या व्यवस्थापकाने शासनाला देणे बंधनकारक होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने तेरा जुने कायदे एकत्र केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या या संहितेनेही अठ्ठेचाळीस तासांची ही कसोटी कायम ठेवली आहे. कसोटी वाजवी आहे. परंतु ती लागू होण्यासाठी त्या जागी किमान दहा कामगार असावे लागतात. जखम तीच, यंत्र तेच. पण गाळ्यात नऊ माणसे असतील तर वर्दीचे बंधन नाही.

ही संख्येची अट आजची नाही. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला, तेव्हा तो शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारखे कार्यकर्ते मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करू लागले, त्यानंतर १८९१ साली ही मर्यादा पन्नासवर आली. १९२२ साली ती वीसवर आली. स्वतंत्र भारताने १९४८ साली यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्यांसाठी ती दहावर आणली. सत्तर वर्षे प्रवाह एकाच दिशेने वाहत होता. कायद्याचे छत्र हळूहळू लहान कारखान्यांवर पसरत होते. २०२० च्या संहितेने ‘कारखाना’ या शब्दाची व्याख्या पुन्हा वीस कामगारांवर नेली, आणि यंत्रशक्ती नसेल तेथे चाळीसवर. वर्दीपुरती दहाची मर्यादा टिकली हे खरे. तथापि शासनाची नजर कोणत्या दिशेला वळली आहे, हे यावरून कळून येते.

नऊ कामगारांचा गाळा

मर्यादा ठरली, की तिच्या आत राहण्याची युक्तीही ठरते. एका छपराखालच्या अठरा यंत्रांचे दोन मालक कागदोपत्री दाखविणे हे औद्योगिक वस्त्यांत कोणालाही नवे नाही. कारागीर नगावर काम करतो म्हणून तो कामगारच नव्हे, असाही युक्तिवाद होतो. मस्टर नसते, त्यामुळे त्या दिवशी तो हजर होता हे सिद्ध करणेही कठीण.

अशा गाळ्यात कापणाऱ्याची दोन बोटे पात्याखाली गेली, असे समजू. त्याला रिक्षातून जवळच्या दवाखान्यात किंवा सरकारी रुग्णालयात नेतात. तेथे केसपेपर निघतो. डॉक्टर जखमेचे वर्णन बारकाईने लिहितात. ती कोठे व कशी झाली, याबद्दल सोबत आलेला माणूस सांगेल ते लिहिले जाते, आणि सोबत आलेला माणूस बहुधा मालकाचा असतो. दुखापत गंभीर असेल तर पोलिसांत नोंद होते. म्हणजे शासनाच्या एका खात्याला जखम ठाऊक आहे, दुसऱ्या खात्याला घटना ठाऊक आहे. परंतु ज्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने ते पाते झाकलेले होते काय हे पाहावयाचे, त्याला काहीच ठाऊक नाही. हे कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत.

याचा परिणाम केवळ आकडेवारीवर होत नाही. नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा हा कारखाना कायद्यापेक्षा उदार होता. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या लहान कारखान्यातील कामगारालाही, मग तेथे कामगार किती का असेनात, त्याने भरपाईचा हक्क दिला. आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाली आहे. हक्क आहे, पण पुरावा नाही, अशी त्या कापणाऱ्याची अवस्था आहे. ‘घरी पडून लागले’ एवढे तीन शब्द केसपेपरवर लिहिले गेले, की त्याचा दावा बहुतांशी संपला. उजव्या हाताची दोन बोटे गेलेला कारागीर पुन्हा त्याच मजुरीवर काम करू शकत नाही. तो गावी परततो, आणि त्याच्या जागी दुसरा येऊन त्याच पात्यापुढे उभा राहतो.

नदीची नोंद, हाताची नाही

कॅम्प ५ च्या उद्योगांकडे शासनाचे लक्षच गेले नाही, असे मात्र नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात वालधुनीत घातक रसायन सोडले गेले आणि काठच्या वस्तीतील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा मोठी खळबळ माजली. नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न हरित लवाद व न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर येथील जीन्स धुलाईचे कारखाने बंद करण्यात आले. नदी वाचावी, हे सर्वथा योग्यच होते. परंतु ज्या गाळ्यांतून निघणाऱ्या सांडपाण्याची एवढी चर्चा झाली, त्याच गाळ्यांत ती रसायने हाताळणाऱ्यांच्या त्वचेचे आणि फुप्फुसांचे काय झाले, याबद्दल फारसे कोणी विचारले नाही. नदी दहा वस्त्यांच्या दारावरून वाहते, म्हणून तिची तक्रार होते. गाळ्यातील जखम गाळ्याबाहेर दिसत नाही.

मोठ्या स्फोटांचेही तसेच आहे. डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत झालेल्या स्फोटात बारा जणांचा बळी गेला. २३ सप्टेंबर २०२३ रोजी उल्हासनगरलगत शहाड येथे सेंच्युरी रेयॉनच्या आवारात टँकरचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीतच अमुदान कंपनीत पुन्हा तसाच अनर्थ घडला. अशा वेळी मंत्री येतात, चौकशी जाहीर होते, भरपाई दिली जाते. ते व्हावयासच हवे. पण आवाज न करता तुटणाऱ्या बोटांसाठी कोणी येत नाही. आणि मोठ्या अपघाताची चाहूल पुष्कळदा अशा लहान अपघातांतूनच लागत असते. ते नोंदवले तरच ती चाहूल ओळखता येईल.

उद्योजकांचे म्हणणे

यावर लहान उद्योजकांचे उत्तर ठरलेले आहे आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. कारखाना निरीक्षक वेगळा, कामगार विम्याचा अधिकारी वेगळा, प्रदूषण मंडळ वेगळे, पालिका वेगळी. प्रत्येकाचा नमुना निराळा, नोंदवही निराळी. मालक सिंधी बोलतो, कारागीर हिंदी बोलतो, आणि नमुना बहुधा इंग्रजीत असतो. प्रत्येक नवा कागद म्हणजे कोणाचा तरी खिसा भरण्याची नवी संधी, हा अनुभव काल्पनिक नाही. याच तक्रारींना उत्तर म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१५ साली स्वयंप्रमाणन आणि एकत्रित वार्षिक विवरणपत्राची योजना आणली, आणि नव्या संहितेत तर निरीक्षकाला ‘सुविधाकार’ही म्हटले आहे.

शिवाय वर्दी देणे मालकाच्या हिताचे नसते. जो वर्दी देतो त्याच्याकडे निरीक्षक येतो, खटला होऊ शकतो. जो देत नाही, त्याच्याकडे कोणी येत नाही. प्रामाणिकपणाला शिक्षा आणि लपवाछपवीला अभय, अशी ही व्यवस्था आहे. मोठे कारखानेही या मोहातून सुटलेले नाहीत. प्रवेशद्वारावर ‘अपघातविरहित दिवस’ मोजणारा फलक लावला, की तो आकडा टिकविणे हेच ध्येय होऊन बसते. मग हाताला पट्टी बांधलेल्या कामगाराला दुसऱ्या दिवशी बोलावून खुर्चीवर बसवून ठेवतात, मस्टरवर हजेरी लागते आणि अठ्ठेचाळीस तासांची कसोटी चुकविली जाते.

म्हणून अधिक नमुने काढा, अशी मागणी करण्यात अर्थ नाही. नमुने कमी व्हावेत, पण जो एक नमुना कामगाराच्या जिवाशी निगडित आहे त्यातून कोणाचीही सुटका असू नये, अशी मागणी केली पाहिजे.

जखम पाहून बंधन ठरावे

अमेरिकेचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे दहा वा त्याहून कमी नोकर असलेल्या मालकाला अपघातांची वार्षिक नोंदवही ठेवण्यातून सामान्यतः सूट आहे. परंतु मृत्यू झाल्यास आठ तासांत, आणि अवयव तुटल्यास, डोळा गेल्यास किंवा कामगाराला रुग्णालयात दाखल करावे लागल्यास चोवीस तासांत कळविण्याचे बंधन लहान मालकांनाही आहे, व त्यासाठी दूरध्वनी पुरतो. ब्रिटनमध्ये मालकांनी दिलेल्या वर्दीवरच विसंबून न राहता तेथील शासन घरोघरच्या पाहणीतूनही कामावरील दुखापतींचा अंदाज घेते, आणि मालकांकडून निम्म्याच्या आसपासच दुखापती कळविल्या जातात, हे स्वतःच जाहीर करते. आपली नोंद अपुरी आहे हे मान्य करण्यात त्या शासनाला कमीपणा वाटत नाही.

आपल्याकडे काय करता येईल? पहिली गोष्ट, मृत्यू, अवयव वा डोळा गमावणे आणि रुग्णालयात दाखल करावे लागेल इतके भाजणे वा विषबाधा होणे, एवढ्यापुरती दहा कामगारांची अट काढून टाकावी. धोक्याच्या कामांसाठी संख्येची अट बाजूला ठेवण्याची तरतूद संहितेत आहेच. तिचा उपयोग करावा. दुसरी गोष्ट, पहिली वर्दी मालकाच्या टेबलावरून नव्हे, तर रुग्णालयातून निघावी. केसपेपरवर दोन रकाने वाढवावेत: दुखापत काम करताना झाली काय, आणि कोणत्या जागी. उत्तर शक्यतो स्वतः जखमीकडून घ्यावे, एक प्रत त्याच्या हाती द्यावी व एक सुरक्षा संचालनालयाकडे जावी. तिसरी गोष्ट, मालकासाठी सर्व खात्यांचा मिळून मराठी व हिंदीत एकच पानी नमुना असावा. चौथी गोष्ट, वेळेत वर्दी देणाऱ्याला प्रथम दुरुस्तीची संधी मिळावी आणि लपविणाऱ्याला जबर दंड व्हावा.

डॉक्टरांवर नवे ओझे टाकले जात आहे, असे कोणी म्हणेल. वास्तविक हे ओझे नवे नाही. शिसे, पारा, कार्बन डायसल्फाइड यांची विषबाधा किंवा सिलिकोसिस अशा व्यवसायजन्य रोगांची माहिती कारखाना निरीक्षणाच्या प्रमुखांना कळविण्याचे बंधन १९४८ च्या कायद्याच्या ८९ व्या कलमाने डॉक्टरांवर घातले होते. ते किती पाळले गेले, हा वेगळा प्रश्न. पण डॉक्टरची लेखणी काय करू शकते, हे तुर्कस्तानात दिसले. जीन्सला जुनाट रूप देण्यासाठी तिच्यावर वाळूचा मारा करणाऱ्या तरुण कामगारांत तेथील डॉक्टरांना सिलिकोसिस आढळला; त्यांनी तो लिहिला, प्रसिद्ध केला, आणि २००९ साली तेथे या पद्धतीवर बंदी आली. ही बंदी मालकांच्या विवरणपत्रांतून आलेली नव्हती.

शासकीय कारभार जवळून पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको, की जे दप्तरी नाही ते शासनाच्या लेखी घडलेलेच नसते. त्यावर तरतूद होत नाही, निरीक्षक नेमला जात नाही, विधानसभेत प्रश्न विचारला गेला तर उत्तर ‘नाही’ असे येते आणि ते कागदोपत्री खरेही असते. कॅम्प ५ मधील गाळ्यांत काम करणाऱ्यांची संघटना नाही. आपली मागणी ते मोर्चाने मांडू शकणार नाहीत. निदान त्यांच्या जखमेची नोंद तरी सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर व्हावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. पुढच्या ४ मार्चला फलक लावण्यापूर्वी शासनाने हे दोन रकाने छापून घ्यावेत.