आधी कचरा पेटवायचा, मग पंप ओढायचा!

गेल्या थंडीत एक आजी दम लागतो म्हणून महिन्याभरात तिसऱ्यांदा दवाखान्यात आल्या. वय सत्तरीच्या पुढे. आयुष्यात कधी विडी ओढलेली नाही. दम्याचा पंप त्या नीट घेतात की नाही, हे मी समोर घ्यायला लावून पाहिलं. अगदी व्यवस्थित घेत होत्या. तरी छातीतली घरघर हटत नव्हती. डोस वाढवायला पेन उचललं आणि सहज विचारलं, "आजी, घरात अजून चूल आहे का?"

"चूल कुठली आता? गॅस आहे. सकाळी अंगण झाडून कचरा पेटवते, तेवढाच काय तो धूर."

"कचऱ्यात काय असतं?"

"काय असणार? पातेरा, कागद, दुधाच्या पिशव्या, नातवाचे डायपर."

थंडीचे दिवस म्हणून आजी रोज अर्धा तास त्याच आगीपाशी शेकत बसायच्या. आधीच्या दोन खेपांना हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. पंप लिहून दिला, तो बदलला, पण धूर येतो कुठून ते पाहिलं नाही. ही चूक माझी. म्हणूनच आज थोडं कडक लिहितोय.

आपलं पर्यावरणप्रेम फोटोपुरतं

कोकणातल्या आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या छोट्या शहरात पर्यावरण म्हटलं की किनारा स्वच्छता मोहीम आठवते. टोप्या, हातमोजे, बॅनर, दोन तास वाळूतल्या बाटल्या वेचणं आणि शेवटी फोटो. यात वाईट काही नाही. मीही त्यात उभा राहिलो आहे. पण अशाच एका मोहिमेत गोळा केलेला कचरा संध्याकाळी सुरूच्या बनामागे पेटवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. सकाळी वाळूतून उचललेलं प्लास्टिक संध्याकाळी आमच्या छातीत गेलं. याला स्वच्छता म्हणायचं का?

माझं म्हणणं सरळ आहे. किनारा वर्षातून दोनदा साफ केला नाही तरी चालेल, पण अंगणातली रोजची आग आधी विझली पाहिजे.

त्या आगीत नेमकं काय होतं?

अंगणातला ढीग भडकून जळत नाही, तो धुमसतो. हवा कमी, ओल जास्त, आच कमी. अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि काजळीचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातल्या केसांना किंवा घशातल्या कफाला जुमानत नाहीत. ते थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यातले काही रक्तातही उतरतात. म्हणून हा धूर दम्यापुरता थांबत नाही, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढवतो. हवेतल्या अशा सूक्ष्म कणांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली कर्करोगकारक ठरवलं आहे.

आता त्यात वायरचं आवरण, रेक्झिन, पीव्हीसी पाइपचा तुकडा पडला तर? यात क्लोरीन असतो. तो जळताना घसा आणि डोळे चुरचुरवणारा आम्लयुक्त वायू तयार होतो आणि सोबत डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यंही. ती नष्ट करायला ८५० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान लागतं. आपल्या अंगणात ते कुठून येणार? डायॉक्सिन शरीरातल्या चरबीत साठतं आणि त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ७ ते ११ वर्षं लागतात. माणसाच्या शरीरात ते मुख्यतः अन्नातून येतं. आता आपल्याकडचं चित्र आठवा. त्या राखेत गावठी कोंबड्या उकरतात, तीच राख आपण भाजीच्या वाफ्यात टाकतो आणि अंडी "घरची, शुद्ध" म्हणून नातवाला देतो.

"समुद्राची हवा आहे, धूर उडून जातो"

हे मी रोज ऐकतो. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. दिवसा वारा समुद्रावरून येतो, रात्री जमिनीवरून जातो. हे दोन वारे बदलतात तेव्हा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी, हवा बऱ्याचदा पडलेली असते. थंडीत तर जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही, धूर माडांच्या खालीच तरंगत राहतो. आणि आपण कचरा पेटवतो कधी? नेमका सकाळी आणि दिवेलागणीला. मुलं शाळेला निघतात तेव्हा, किंवा अंगणात खेळत असतात तेव्हा. लहान मूल वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला धूरही जास्त येतो.

"आमचे आजोबाही जाळायचे"

जाळायचे. पण त्यांच्या ढिगात पातेरा असायचा. दुधाच्या पिशव्या, थर्माकोलची खोकी, नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे आणि डायपर नसायचे. शिवाय पातेऱ्याचा धूरही निर्धोक नसतो. आजोबांना खोकला नव्हता असं आपण म्हणतो, कारण त्या काळी त्याला "म्हातारपण" म्हणायचे.

"पालिकेची गाडीच येत नाही"

ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. गाडी चार दिवस फिरकत नसेल तर लोक करणार काय? सफाई करणारेच ढीग पेटवताना दिसतात, मग सांगायचं कोणाला? राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या प्रकाराला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. आमच्या भागात ती कोणाला भरावी लागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पण गाडी येऊनही उपयोग कधी होतो, ते वेंगुर्ल्यात पाहावं. २०११ च्या जनगणनेत जेमतेम बारा हजार वस्तीचं, समुद्रकाठचंच शहर. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या नगरपरिषदेने कचरा घरातूनच वेगळा करून घेण्याची शिस्त लावली. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात वापरले. जिथे कचऱ्याचे ढीग होते, ती जागा पाहायला लोक येऊ लागले. यंत्रं कुठेही विकत मिळतात. पण मासळीचं पाणी आणि प्लास्टिक एका पिशवीत आलं की कोणतंही यंत्र हात टेकतं. वेंगुर्ल्यात खरं काम घरोघरच्या बादल्यांनी केलं.

आणि एकी आपल्या लोकांना जमत नाही असंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासने कासवांची अंडी चोरीला जाऊ न देता पिल्लं समुद्रात सोडायची कामगिरी वर्षानुवर्षं केली. कासवाच्या पिल्लांसाठी गाव एकत्र येतं, तर नातवंडांच्या फुप्फुसांसाठी का येऊ नये?

आधी माझं अंगण

दुसऱ्याला सांगण्याआधी माझी कबुली. कित्येक वर्षं माझ्या दवाखान्याच्या मागे रोज संध्याकाळी औषधांची खोकी आणि प्लास्टिकची वेष्टनं पेटवली जायची. धूर आला की मी उठून खिडकी बंद करायचो. आत दम्याचा रुग्ण, बाहेर माझीच शेकोटी. आता खोकी भंगारवाल्याकडे जातात. खर्च शून्य. फक्त लाज वाटायला उशीर झाला.

तुम्ही काय कराल?

१. पातेरा माडाच्या नाहीतर आंब्याच्या आळ्यात टाका. ओल टिकते आणि खत होतं. स्वयंपाकघरातला ओला कचराही खड्ड्यात घालून वर माती पसरा.

२. दुधाच्या पिशव्या खळबळून, वाळवून एका पोत्यात भरा. कोरडं प्लास्टिक कुजत नाही, वासही येत नाही. गाडी आठवड्याने आली तरी बिघडत नाही.

३. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्या. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका. कचरा उचलणाऱ्यालाही हात आहेत.

४. करवंट्या, टायर, उघडे डबे पालथे घाला. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस साठलेलं पाणी ओता.

५. वाडीतल्या दहा घरांनी मिळून "आम्ही जाळणार नाही" एवढं ठरवा. मग दहा जणांच्या सह्यांनी पालिकेकडे गाडीचं वेळापत्रक मागा. एकट्याचा अर्ज फाइलमध्ये जातो, वाडीची माणसं दारात उभी राहिली की उत्तर द्यावं लागतं.

त्या आजींच्या घरची आग बंद झाली. शेजारच्या दोन घरांची व्हायला महिना लागला, कारण त्यांचा धूर कुंपण ओलांडून यायचाच. आता आजींना पंप लागतोच, पण मला डोस वाढवावा लागलेला नाही. एका रुग्णावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण धूर वाईट हे सिद्ध करायला माझ्या आजींची गरजही नाही.

एक सूचना: धूर बंद केला म्हणून पंप आपल्या मनाने बंद करू नका. आणि पुढच्या वेळी खोकला घेऊन याल तेव्हा मी पहिला प्रश्न काय विचारणार, ते आता तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर खरं द्या.