बीच तर सगळेच बघतात!

मॉरिशसला जाऊन आलो म्हटलं की होस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला, "बीच कसा होता रे?" डोंगरांबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही. म्हणून हा लेखप्रपंच!

मावशी आणि काका तिकडे नोकरीनिमित्त राहतात. परीक्षा संपल्यावर डिसेंबरात गेलो. इथे सगळे स्वेटर शोधत होते, तिकडे भर उन्हाळा! काकांची यादी तयारच होती : सकाळी बीच, दुपारी बोट, संध्याकाळी मॉल. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, फोटो, चला पुढे. म्हणजे प्रयोग न करता जर्नल पूर्ण! दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "काका, मी ल मॉर्न चढणार."

"अरे, डोंगरच चढायचा होता तर एवढ्या लांब कशाला आलास? सह्याद्री काय ओस पडलाय?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर डोंगरावर मिळालं.

ल मॉर्न बेटाच्या नैऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला. उंची ५५६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या साधारण एक तृतीयांश. पण कमी लेखू नका! उन्हाच्या आधी निघालो तरी घामाने भिजलो. शेवटच्या टप्प्यात हातापायांनी खडक धरत चढावं लागतं. तो काळा खडक हाताला ओळखीचा वाटला. बसाल्ट! जिऑलॉजीच्या लेक्चरला मी डुलक्या काढल्या, पण एक गोष्ट डोक्यात राहिली होती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानावरून भारताचा भूखंड सरकत असताना दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, त्याच स्थानाने गेल्या कोटभर वर्षांत मॉरिशस घडवलं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. आज ती चूल शेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगते आहे. थोडक्यात, सह्याद्री आणि ल मॉर्न एकाच चुलीवरचे!

वरून निळंशार पाणी दिसतं. पोस्टकार्डावर असतं तसंच. पण या कड्यांवर एके काळी मळ्यांतून पळालेले गुलाम लपून राहत. १८३५ साली गुलामगिरी संपली. ती बातमी सांगायला शिपाई वर आले, ते पकडायलाच आले असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आख्यायिका तिथे सांगतात. २००८ पासून हा डोंगर जागतिक वारसा आहे. हे कळल्यावर मला तिथे दात काढून फोटो काढवेना.

गुलामांच्या जागी उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर आले. १८३४ पासून सुमारे पाच लाख, बहुतेक आपल्या देशातले, त्यात कोकणातलेही. उतरल्यावर रस्त्याकडेला लिची विकणारे एक आजोबा भेटले. मी भारतातून आलोय हे कळताच अडखळत मराठीत म्हणाले, "माझे पणजोबा रत्नागिरीचे. कशी आहे हो रत्नागिरी?"

मी गप्प. रत्नागिरी मी कधी पाहिलीच नव्हती! पुण्यापासून एका रात्रीचा प्रवास, पण कधी जावंसं वाटलं नाही. इतकी वाईट व्हायवा माझी आजवर झाली नव्हती. आजोबांनी मात्र मूठभर लिची जास्त घातल्या.

माझं म्हणणं एवढंच, मित्रांनो. किनारे सगळ्या बेटांचे सारखेच दिसतात. बेट कशाचं बनलंय आणि कोणाच्या घामावर उभं आहे, हे कळायला वर चढावं लागतं आणि खाली उतरून कोणाशी तरी बोलावं लागतं. यादीतले दहा पॉइंट गाळा, एक डोंगर धरा. मॉरिशसच कशाला, घारापुरीलाही लेणी बघून लगेच परतीची लाँच पकडू नका. मागची टेकडी चढून बघा.

आणि हो, या सुट्टीत मी रत्नागिरीला जातोय. री-एग्झाम आहे!