भिंतीआडचा सांधा आणि बाजाराचा न्याय

वातानुकूलन यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा मध्यमवर्गाने त्या निर्णयाचे मनापासून स्वागत केले. विदर्भापुरते बोलावयाचे तर हे स्वागत स्वाभाविकच होते. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे ही बातमी राहिलेली नाही, तेथे थंड खोली हा विलास आहे असे म्हणण्याचे धाडस आता कोणी करणार नाही. नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वसलेल्या वाडीसारख्या गावात या बदलाची खूण उघड्या डोळ्यांनी दिसते. आयुध निर्माणीचे नोकरदार, मालवाहतुकीच्या गोदामांतील कारकून, हिंगणा औद्योगिक वसाहतीत कामास जाणारे कामगार व शिक्षक यांची ही वस्ती. येथील नव्या-जुन्या इमारतींच्या मागील भिंतींवर वातानुकूलन यंत्रांच्या पेट्या आणि त्यांतून निघालेल्या गुंडाळलेल्या नळ्या दरवर्षी वाढताना दिसतात.

या नळ्यांविषयीच प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे. विषय वरवर पाहता तांत्रिक वाटेल. तो मिस्त्रीने पाहावा, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने त्यात का पडावे, असेही कोणी विचारील. परंतु या नळ्यांच्या सांध्यांपाशी आपल्या बाजारव्यवस्थेतील एक मोठा दोष लपलेला आहे, आणि त्याचा भुर्दंड आपण सर्वजण भरीत आहोत.

कारखान्यात अपुरे राहिलेले यंत्र

विदर्भातील घरांनी अनेक दशके उन्हाळा काढला तो कूलरच्या आधारावर. वाळ्याच्या ताट्या, पाण्याचा लहानसा पंप आणि पंखा एवढाच त्याचा संसार. त्यात बिघाड झाला तर तो दिसे: पंप बंद पडला, ताटी सुकली, टाकी गळली. घरातला शाळकरी मुलगाही तो दोष सांगू शके. कूलरचा ग्राहक आपल्या वस्तूचा जाणकार होता.

वातानुकूलन यंत्राचे तसे नाही. हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. म्हणजे तो एक उष्णतेचा पंप आहे. थंड देशांत हाच पंप उलटा चालवून घरे उबदार ठेवतात. उष्णता वाहून नेण्याचे काम शीतक वायू करतो, ज्याला आपल्याकडे नुसते ‘गॅस’ म्हणतात. जुन्या खिडकीतल्या यंत्रात हा गॅस कारखान्यातच बंदिस्त झालेला असे. दोन भागांच्या ‘स्प्लिट’ यंत्रात मात्र आतली पेटी व बाहेरची पेटी यांना तांब्याच्या दोन नळ्यांनी जोडण्याचे काम ग्राहकाच्या घरी होते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, उत्पादनाचा शेवटचा आणि सर्वांत नाजूक टप्पा कारखान्याबाहेर, शिडीवर उभ्या असलेल्या एका कारागिराच्या हातून पार पडतो.

हा टप्पा नीट पार पडावयाचा तर काय करावे लागते? नळी कटरने सरळ कापावी लागते. कापताना आलेली धार, तांब्याचा कीस आत पडू नये म्हणून नळीचे तोंड खाली धरून काढावी लागते. आधी नट चढवून मग नळीचे टोक फुलवावे लागते, यालाच ‘फ्लेअर’ म्हणतात. तो नट ठरावीक पिळानेच आवळावा लागतो. अर्धा इंची नळीच्या नटास पाव इंचीच्या तिपटीहून अधिक पीळ लागतो. हाताच्या अंदाजाने आवळलेला नट एक तर सैल राहतो किंवा फुलवलेले तांबे चिरते. त्यानंतर कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासावयाची, आणि मग निर्वात पंप लावून नळ्यांतील हवा व ओल पूर्णपणे काढून टाकावयाची. निर्वातीकरण झाल्यावर पंप बंद करून काही वेळ काटा स्थिर राहतो की नाही हे पाहावयाचे. एवढे झाल्यावरच बाहेरच्या पेटीतील गॅस नळ्यांत सोडावयाचा.

यातील शेवटच्या तीन पायऱ्या पुष्कळदा गाळल्या जातात. त्याऐवजी थोडा गॅस सोडून त्याच्या जोरावर हवा बाहेर ढकलली जाते. पाच मिनिटांत काम उरकते. खोली गार होते. ग्राहक समाधानाने पैसे देतो. मात्र नळीत राहिलेली हवा यंत्राचा दाब वाढविते, राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिसळून आम्ल तयार करते, आणि सैल सांध्यातून गॅस महिनोन्‌महिने झिरपत राहतो. आजच्या यंत्रांतील आर-३२ हा गॅस जुन्या आर-२२ च्या सुमारे दीडपट दाबावर चालतो. तेव्हा जुन्या काळी खपून गेलेली ढिलाई आता खपत नाही.

चांगला कारागीर बाजाराबाहेर का जातो

येथे दोष कारागिराच्या नीतिमत्तेचा आहे, असे मानून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धान्त मांडला, आणि पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या बाजारात विकणाऱ्याला मालाचा दर्जा कळतो पण घेणाऱ्याला कळत नाही, तेथे घेणारा सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. सरासरी आणखी घसरते, किंमत आणखी उतरते, आणि शेवटी निकृष्ट तेवढे मागे उरते.

वातानुकूलन यंत्राच्या जोडणीस हा सिद्धान्त तंतोतंत लागू पडतो. एक कारागीर निर्वात पंप, दाबमापक व पिळाची किल्ली घेऊन येतो आणि दीड-दोन तास खर्चतो. दुसरा दोन पाने घेऊन येतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. दोघांनी बसविलेली यंत्रे त्या दिवशी सारखीच गार हवा देतात. ग्राहक मग दुसऱ्याला का बोलावणार नाही? त्यातून ही मजुरी नगावर मिळते, वेळेवर नव्हे. हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा. त्यात जितकी यंत्रे बसतील तितकी वर्षाची कमाई. उत्तरपत्रिकांचे मानधन नगावर घेणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना या व्यवस्थेचा दर्जावर काय परिणाम होतो हे समजावून सांगण्याची गरज नसावी!

गंमत अशी की, जो ग्राहक तीस-चाळीस हजारांचे यंत्र घेताना चार दुकाने हिंडतो, तारांकन तपासतो, तोच बसविण्याच्या मजुरीत दोन-तीनशे रुपये कमी करून घेण्यात धन्यता मानतो. त्या दोन-तीनशे रुपयांत निर्वात पंपाचा अर्धा तास गेलेला असतो हे त्याला माहीत नसते.

भुर्दंड कोणावर

पहिला भुर्दंड अर्थातच त्या कुटुंबावर. गॅस कमी झालेले यंत्र तेवढीच खोली गार करण्यासाठी अधिक वेळ चालते. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभर, तीनशे, पाचशे युनिट अशा पायऱ्या ओलांडल्या की पुढील प्रत्येक युनिट महाग होते. एका सैल सांध्यामुळे कुटुंब वरच्या टप्प्यात जाऊ शकते, आणि दोष मात्र मुलांनी यंत्र फार वेळ लावल्याचा ठरतो. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात ‘गॅस भरावा लागेल’ हे वाक्य ऐकू येते. वास्तविक गॅस हे पेट्रोलसारखे संपणारे इंधन नव्हे. तो बंद वर्तुळात फिरत राहतो, आणि कमी झाला असेल तर तो कोठून तरी निसटलेला असतो. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. कॉम्प्रेसरवरील दहा वर्षांच्या हमीत या गॅसचा आणि मजुरीचा खर्च येतोच असेही नाही.

दुसरा भुर्दंड कारागिरावर. नायट्रोजनऐवजी प्राणवायूच्या नळकांड्याने दाब तपासण्याचा प्रकार जीवघेणा आहे. तेल व प्राणवायू दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आणि २०१२ पासून देशी यंत्रांत वापरात आलेला आर-२९० हा तर शुद्ध प्रोपेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच सख्खा भाऊ. वाडीकरांना आगीची वेगळी आठवण करून देण्याचे कारण नाही. ९ एप्रिल २०२१ रोजी येथील एका खाजगी रुग्णालयात आग लागली व रुग्ण दगावले. अतिदक्षता विभागातील वातानुकूलन यंत्रापासून ती सुरू झाल्याचे अग्निशमन अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितले होते. त्या दुर्घटनेचा गॅसच्या सांध्याशी संबंध जोडण्यास आधार नाही, आणि तसा तो येथे जोडावयाचाही नाही. परंतु भिंतीवरच्या या पेटीकडे पंख्याइतक्या निष्काळजीपणे पाहता येणार नाही, एवढा बोध त्यातून घ्यावयास हवा.

तिसरा भुर्दंड सर्वांचा. वातावरण तापविण्याच्या बाबतीत एक किलो आर-३२ हा ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा मानला जातो. आर-४१०ए चा आकडा दोन हजारांच्या वर आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ साली मान्यता दिली. तीनुसार अशा वायूंचा वापर २०२८ पासून गोठवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणावयाचा आहे. ही जबाबदारी आपण दिल्लीत स्वीकारली. पण ती पार पडणार आहे ती वाडीच्या एखाद्या गच्चीवर, दोन नटांच्या आवळण्यात.

दिसते तेवढ्याचेच नियमन

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तारांकन सक्तीचे झाले. २०२० पासून यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर यावीत असा नियम आला. जून २०२५ मध्ये तर तापमानाची मर्यादा २० ते २८ अंशांत बांधण्याचा मनोदय केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी जाहीर केला. मार्च २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्टही होते. परंतु यातील बहुतेक नियम दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या गोष्टींचे आहेत. पेटीवरचे तारे हे प्रयोगशाळेत, योग्य प्रमाणात गॅस असताना मिळालेले तारे होत. तेच तारे घरी उतरतील की नाही हे ठरविणारा जो सांधा, त्याची नोंद कोठेच होत नाही. प्रशिक्षणाचेही तसेच. प्रमाणपत्र मिळवणाऱ्यास बाजारात अधिक मजुरी मिळणार नसेल, तर ते त्याने भिंतीवर टांगावयाचे काय?

अमेरिकेत नोव्हेंबर १९९४ पासून शीतक वायूंची यंत्रे हाताळणाऱ्यास प्रमाणपत्र अनिवार्य आहे. युरोपीय संघात तर, जोडणी प्रमाणित व्यक्तीकडून होणार असल्याचा पुरावा दिल्याशिवाय अशी यंत्रे घरगुती ग्राहकास विकता येत नाहीत. हे नियम जसेच्या तसे उचलावेत असे कोणी म्हणणार नाही. आपल्याकडे परवान्यांच्या राज्याचा अनुभव फार जुना नाही. सक्ती आली की तिच्यामागून दलाल येतो, आणि अनुभवातून शिकलेला पण शाळा सुटलेला मिस्त्री उपाशी राहतो, हा आक्षेप खराच आहे.

परंतु मधला मार्ग आहे, आणि त्याचा एक नमुना आपल्या ओळखीचाही आहे. नव्या घराला वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागितला जातो. वातानुकूलन यंत्राच्या हमीपत्रासोबत असाच एक कागद का असू नये? नळीची लांबी, दाबाची चाचणी, निर्वातीकरणाचा मोजलेला आकडा, घातलेला गॅस, कारागिराचा प्रमाणपत्र क्रमांक व सही. हा कागद भरल्याशिवाय हमी सुरू होणार नाही, आणि भरल्यावर पहिल्या पाच वर्षांतील सांध्याची गळती कंपनीच्या माथी राहील, असे ठरले तर काय होईल? आज ज्या दर्जाची किंमत शून्य आहे त्याला ताबडतोब किंमत येईल. कंपनी स्वतःच्या हितासाठी पंप घेऊन येणारा कारागीर शोधील आणि त्याला योग्य मजुरी देईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे हा व्यवसाय शिकलेल्या मुलाचे शिक्षण सार्थकी लागेल. अनुभवी मिस्त्रीला पुन्हा वर्गात न बसविता, त्याच्या हातचे काम तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय करता येईल. अ‍ॅकरलॉफ यांनी दाखविलेल्या रोगावर हमी व प्रमाणपत्र हीच औषधे आहेत. फक्त ती पेटीला न लावता सांध्याला लावली पाहिजेत.

तोपर्यंत ग्राहकाच्या हाती काही नाही असे नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटी ही तक्रारीस पात्र आहे. पण तक्रारीला पुरावा लागतो, आणि पुरावा मागितल्याशिवाय मिळत नाही. यंत्र बसविण्यास माणूस आला की पंप आणला आहे काय, एवढे विचारावे. निर्वातीकरणाचा आकडा पावतीवर लिहून घ्यावा. आणि त्यासाठी तो चारशे-पाचशे रुपये अधिक मागत असेल तर ते न कुरकुरता द्यावेत. करकपातीने यंत्र स्वस्त झाले ही चांगलीच गोष्ट आहे. त्या बचतीचा एक लहानसा वाटा शिडीवरच्या माणसाच्या कौशल्याला दिला, तरच ते खऱ्या अर्थाने स्वस्त पडेल.