साथीच्या भाकितांतील 'जर'

कोरोनाची साथ ओसरून कांहीं वर्षें लोटलीं, तरी एक आक्षेप अद्याप वारंवार आमच्या कानीं येतो, आणि तो सुशिक्षित पालकांच्या तोंडूनही येतो. शास्त्रज्ञांनीं लाखों मृत्यूंचे आंकडे सांगून जगास भिवविलें. तितकीं माणसें तर मेलीं नाहींत. तेव्हां तीं भाकितें खोटीं व टाळेबंदी व्यर्थ, असा तो आक्षेप आहे. आमच्या मतें आक्षेप घेणाऱ्यांनीं मूळ वाक्य अर्धेंच वाचलें आहे.

ता. १६ मार्च २०२० रोजीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील नील फर्ग्युसन व त्यांचे सहकारी यांनीं एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत ब्रिटनमध्यें सुमारें ५ लक्ष १० हजार व अमेरिकेंत सुमारें २२ लक्ष मृत्यु होतील असें गणित होतें. पण केव्हां? जर सरकारनें कांहींच इलाज केला नाहीं व लोकांनींही आपली रोजची रहाटी यत्किंचित् बदलली नाहीं, तर. हा 'जर' वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मावला नाहीं. २३ मार्च रोजीं ब्रिटनमध्यें टाळेबंदी जाहीर झाली. म्हणजे ज्या अटीवर तें गणित उभें होतें ती अटच उरली नाहीं. वैद्य रोग्यास म्हणतो, पथ्य न केल्यास पाय कापावा लागेल. रोगी पथ्य करितो व पाय वांचतो. मग त्यानें वैद्यास लबाड म्हणावें काय? आणि इतकें करूनही २०२२ च्या मध्यापर्यंत तेथें, मृत्यूच्या दाखल्यावर कोरोनाची नोंद असलेल्यांची संख्या दोन लक्षांवर गेली, हें आक्षेपकांनीं विसरूं नये.

गणिताच्या तासास लक्ष देणाऱ्या विद्यार्थ्यांस यांतील मर्म सहज कळेल. दर तीन दिवसांनीं रोगी दुप्पट होत असतील, तर आजचे १०० तीस दिवसांनीं १,०२,४०० होतात. दुपटीचा काळ तीनावरून सहा दिवसांवर गेला, तर त्याच मुदतींत ते ३,२०० च होतात. तीन दिवसांच्या फरकानें उत्तर बत्तीस पटींनीं बदललें! म्हणून असें भाकीत पंचांगांतील ग्रहणाप्रमाणें वाचूं नये. ग्रहण आपल्या वागण्यानें टळत नाहीं, साथ टळूं शकते.

तथापि सर्वच भाकितांस हा बचाव लागू पडत नाहीं. २४ एप्रिल २०२० रोजीं दिल्लींतील सरकारी पत्रकार परिषदेंत दाखविलेल्या एका आलेखांत नवे रोगी १६ मेच्या सुमारास शून्यावर येतील असें दिसत होतें; प्रत्यक्षांत त्या वेळीं देशांत रोज चार हजारांच्या आसपास नवे रोगी नोंदले जात होते, आणि टाळेबंदी तर चालूच होती. येथें अट मोडली नव्हती, रेषाच चुकली होती.

टाळेबंदीच्या कैवाऱ्यांसही आम्हांस एक गोष्ट सांगावयाची आहे. भाकितांतून प्रत्यक्ष मृत्यु वजा करावे व बाकी राहील तें सारें टाळेबंदीचें पुण्य मानावें, हा हिशेब बरोबर नाहीं. हुकूम निघण्यापूर्वींच पुष्कळ लोक भयानें घरीं बसूं लागले होते. पुढें डिसेंबर २०२० पासून ब्रिटनमध्यें लस टोचण्यास आरंभ झाला. यांपैकीं कोणाचा वांटा किती, हें निवडून काढणें अतिशय कठीण आहे.

शिवाय इलाजाचीही किंमत असते, व ती कोणी तरी भरतोच. आमच्या राज्यांत दारूचीं दुकानें मे २०२० मध्यें उघडलीं, उपाहारगृहें ऑक्टोबरांत. मार्चमध्यें बंद झालेले पहिली-दुसरीचे वर्ग मात्र बहुतेक ठिकाणीं डिसेंबर २०२१ पर्यंत भरले नाहींत! 'असर' या पाहणीप्रमाणें देशाच्या ग्रामीण भागांत दुसरीचा उतारा वाचूं शकणारीं तिसरींतील मुलें २०१८ सालीं शेंकडा २७.३ होतीं, २०२२ सालीं तीं २०.५ राहिलीं. पहिल्या कांहीं महिन्यांची बंदी आम्ही योग्यच मानतों, कारण रोगाविषयीं तेव्हां फारच थोडें ठाऊक होतें. परंतु लहान मुलांस हा रोग क्वचितच प्राणघातक होतो हें कळून आल्यावरही त्यांचे वर्ग इतका दीर्घ काळ बंद ठेवण्याचें समर्थन आमच्यानें होत नाहीं.