‘स्कोअरिंग’ विषय ठरवतं कोण?

अ‍ॅडमिशन झाली की कट्ट्यावर पहिला प्रश्न येतो, ‘ओई काय घेतलंस?’ आणि लगेच दुसरा, ‘स्कोअरिंग आहे ना?’ नव्या शैक्षणिक धोरणाने आपल्यापुढे मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, आयकेएस, सीसी असे रकाने मांडून ठेवलेत. त्यातला मेजर आपण विचार करून घेतो. बाकीचा फॉर्म सिनिअर सांगतील तसा भरतो. खेळ, योग, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली असलं काही असेल तर ‘टेन्शन नाही’ हे ठरलेलंच. पण एखाद्या विषयावर ‘सोपा’ हा शिक्का बसतो कसा? हे बघायचं तर इंग्लंडच्या शाळांकडे जरा बघा. तिथे हा शिक्का दोन विषयांवर वर्षानुवर्षं बसलाय, शारीरिक शिक्षण आणि धर्माभ्यास. आणि आता तिथे त्यावर फेरविचार सुरू झालाय.

जीसीएसई ही तिथली आपल्या दहावीसारखी परीक्षा. मुलं ती सोळाव्या वर्षी देतात, पण विषय निवडावे लागतात तेरा-चौदाव्या वर्षीच. इंग्रजी, गणित आणि विज्ञान सगळ्यांनाच, उरलेले शाळेच्या यादीतून आपल्या पसंतीचे. गंमत अशी, की पीईचा तास सक्तीचा आहे आणि १९४४ च्या कायद्यापासून सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्माचं शिक्षणही सक्तीचं आहे (पालक हवं तर मुलाला त्यातून सूट घेऊ शकतात). या दोन्ही विषयांची जीसीएसई परीक्षा मात्र ऐच्छिक. काही शाळा, विशेषतः चर्चशी जोडलेल्या, धर्माभ्यासाचा पेपर सगळ्यांनाच देतात. एरवी ‘पीई घेऊ की आरएस’ हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा.

पीई म्हणजे मैदानावर धावलं की मार्क, असं समजून घेणारी मुलं तिथेही असतात आणि पहिल्या युनिट टेस्टलाच जमिनीवर येतात. कारण ६० टक्के गुण लेखी परीक्षेचे असतात. स्नायू, हाडं, हृदयाचं काम, शरीरातल्या तरफा, खेळाडूचं मानसशास्त्र, उत्तेजक द्रव्यं, प्रायोजकांचा पैसा असा सगळा पोर्शन. उरलेल्या ४० टक्क्यांत तीन खेळ करून दाखवायचे. त्यात एक सांघिक आणि एक वैयक्तिक हवाच. शिवाय कामगिरीचं विश्लेषण लिहायचं. म्हणजे फक्त क्रिकेट भारी खेळणाऱ्याचं काम भागत नाही. जीवशास्त्राचा कंटाळा म्हणून पीई घेतला, तर जीवशास्त्र मागच्या दाराने आत येतंच.

आरएसचं उलट. त्यात प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट काही नाही, सगळा पेपर लेखी. पण ‘गोष्टी पाठ केल्या की झालं’ हा समज इथेही फसतो. २०१६ पासूनच्या अभ्यासक्रमात निदान दोन धर्म शिकावे लागतात. निम्मे गुण माहितीला, निम्मे विश्लेषण आणि मूल्यमापनाला. एक विधान दिलं जातं, समजा देहदंडाच्या शिक्षेबद्दल. त्याच्या बाजूने लिहायचं, विरोधात लिहायचं आणि मग आपला निष्कर्ष कारणांसह मांडायचा. तुम्ही श्रद्धाळू आहात की नास्तिक, याला मार्क नसतात. युक्तिवाद उभा राहिला का, एवढंच तपासलं जातं. कायदा, पत्रकारिता किंवा स्पर्धा परीक्षेतला निबंध डोळ्यांपुढे असलेल्याला याहून चांगला सराव कुठे मिळणार?

तरीही दोन्ही विषय ‘हलके’ का ठरले? त्याचं कारण हिशेबाच्या वहीत आहे. २०१० मध्ये तिथल्या सरकारने शाळा मोजण्यासाठी ‘ईबॅक’ नावाचं माप आणलं. इंग्रजी, गणित, विज्ञान, परकी भाषा आणि इतिहास किंवा भूगोल यांत किती मुलं चमकली, यावर शाळेची पत. धर्माभ्यास त्यात नव्हता, पीईही नव्हता. साहजिकच शाळांचे तास, शिक्षक आणि मुलांना दिला जाणारा सल्ला मापातल्या विषयांकडे वळला. धर्माभ्यासाचा एक छोटा, अर्ध्या जीसीएसईइतका कोर्सही होता. लाखो मुलं तो करायची. २०१४ पासून शाळांच्या कामगिरीच्या तक्त्यात तो धरणं बंद झालं आणि त्याला बसणाऱ्यांची संख्या धडाधड कोसळली. विषय तोच होता. मोजणारं माप तेवढं बदललं.

आता ते माप पुन्हा बदलतंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रा. बेकी फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालचा अभ्यासक्रमाच्या फेरआढाव्याचा अहवाल आला. ईबॅक बंद करा, ही त्यातली शिफारस सरकारने स्वीकारली. धर्माचं शिक्षण सक्तीचं असूनही राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या बाहेर आहे, ते आत आणण्याच्या दिशेने पावलं टाका, असंही अहवाल सांगतो. म्हणजे काल ज्याने ‘मोजत नाहीत’ म्हणून विषय सोडला, त्याच्या धाकट्या बहिणीला कदाचित वेगळाच सल्ला मिळेल.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे, पण हिशेब तोच. राज्य मंडळाच्या दहावीत शारीरिक शिक्षणाला श्रेणी मिळते, टक्क्यांत ते धरलं जात नाही. म्हणून तर जानेवारी आली की पीटीचा तास गणिताच्या सरांना जातो. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्याला वाढीव गुण मिळतात, म्हणजे पदकाचं मोल आहे, विषयाचं नाही. उलट सीबीएसईच्या अकरावी-बारावीत हाच विषय ७० गुणांच्या लेखी आणि ३० गुणांच्या प्रात्यक्षिकासह रीतसर घेता येतो, सीयूईटीतही तो आहे. धर्माच्या बाबतीत आपल्या राज्यघटनेचं कलम २८ स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मात्र धर्म पाळायला शिकवणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केला. आयकेएस किंवा मूल्यशिक्षणाच्या वर्गात बसताना हा फरक लक्षात ठेवा. तिथे प्रश्न विचारायला, उलट बाजू मांडायला वाव असेल तर तो अभ्यास. नुसतं ‘आपले पूर्वज महान’ लिहून पैकीच्या पैकी मिळत असतील, तर क्रेडिट पदरात पडेल, बाकी काही नाही.

तेव्हा लिंक बंद व्हायच्या आत एवढं करा. विषयाच्या नावावर जाऊ नका, सिलॅबस उघडा. लेखी किती, अंतर्गत किती, आधीचा पेपर कसा होता, ते बघा. पुढे एमए, बीपीएड, लॉ जे काही करायचंय, तिथे हे क्रेडिट धरतात का, ते ऑफिसात विचारून घ्या. सिनिअरला ‘सोपा आहे का’ विचारण्यापेक्षा ‘वर्षभर त्या तासाला नेमकं काय करायचात’ असं विचारा. त्याला दोन मिनिटं सलग सांगता आलं, तर विषय घेण्यासारखा आहे. ‘काही नाही रे, अटेंडन्स लागते’ असं उत्तर आलं, तर दोन क्रेडिटसाठी तुमचे किती तास जाणार आहेत, ते मोजा आणि मग ठरवा.